येतो म्हणालेला माणूस

आम्ही त्यांना कलमदादा म्हणायचो. तोंडावर नुसतं दादा.

दादा लिफ्टचे मिस्त्री. त्या परक्या देशात त्यांची बरीच वर्षं गेली होती. डोक्यावर केस कमी, खिशात रुमाल दोन. एक घामाचा, एक ग्रीसचा. रुमालांची अदलाबदल झालेली मी कधी पाहिली नाही.

मी तिथं पोचलो त्या दिवशी बॅग खाली ठेवायच्या आधी त्यांनी मला नियम सांगायला सुरुवात केली. कुठला कचरा कुठल्या पिशवीत टाकायचा. गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत. दुपारी भिंतीवर खिळा ठोकायचा नाही. रस्ता ओलांडताना दिव्यात हिरवा माणूस दिसला तरच पाय उचलायचा.

"आणि गाड्याच नसतील तर?" मी विचारलं.

"गाडी नाही म्हणून कायदाही नाही, असं असतं का? आपण पाहुणे. दुसऱ्याच्या घरात गेल्यावर चपला कुठं काढायच्या ते विचारतोस ना? तसंच."

खोलीतला तिसरा गडी ड्रायव्हर होता. तो पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला, "पंडित, दादांना शिंक आली तर ती कुठल्या कलमात बसते ते बघून मगच शिंकतात."

पंडित म्हणजे मी. साहित्य शिकून बुटांच्या दुकानात नोकरीला आलो होतो, म्हणून ते नाव.

दादांचं लग्न राहून गेलं होतं. बहिणींची झाली, धाकट्या भावाचं झालं, ह्यांचं राहिलं. चाळिशी उलटल्यावर कुणीतरी स्थळ आणलं. बालवाडी चालवणारी बाई. तिचंही असंच राहिलेलं. दोघं फोनवर बोलू लागले आणि आम्ही लग्नाआधीच तिला वहिनी म्हणू लागलो. दादा गॅलरीत उभे राहून बोलायचे. आवाज हळू, पण वहिनींचा आवाज मुलांना हाका मारून तयार झालेला. फोन कानाला असला तरी खोलीत सगळं ऐकू यायचं.

"केस किती उरलेत ते खरं सांगा. फोटो जुना पाठवलाय तुम्ही."

"मोजण्यासारखे आहेत."

"मग मोजून ठेवा. लग्नात तेवढेच दिसले पाहिजेत."

दादा लाजून हसायचे आणि फोन ठेवताना म्हणायचे, "बरं, येतो." फोनवरही ते येतो म्हणायचे. ड्रायव्हर हसायचा, पण ती त्यांची सवय होती. लहानपणी एकदा शाळेत निघताना ते "जातो" म्हणाले होते, तेव्हा आईनं दारातून परत बोलावून पाण्याचा घोट पाजला होता. जातो म्हणू नये. जातो म्हणून माणूस कायमचा जातो.

त्यांनी कायमचं घरी जायचं ठरवलं. करार संपवला, हत्यारं कंपनीत जमा केली, लिफ्टच्या दारांची किल्लीसुद्धा पुसून परत केली. आम्ही त्यांना विमानतळावर सोडून आलो. ड्रायव्हरनं त्यांच्या पलंगावर आपली बॅग पसरली. संध्याकाळी दार वाजलं. दारात दादा उभे होते. शर्ट तोच, बॅगही तीच.

"सोडलं नाही," ते म्हणाले.

"का?"

"माहीत नाही. पोलीस ठाण्यात जा म्हणाले."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेलो. दादांना तिथली भाषा कामापुरती यायची, मला जरा बरी. अधिकारी जाडजूड, सभ्य माणूस होता. दादांना पाहून तो ओळखीचं हसला. मग हसू पुसून म्हणाला, "तुम्ही येतो म्हणालात. मी वाट पाहिली."

मला काही कळेना. दादांना हळूहळू आठवलं. गेल्या वर्षी ते एका इमारतीत लिफ्ट दुरुस्त करत होते. खाली दोन दुकानदार भांडले, एकानं दुसऱ्याची काच फोडली. दादा चहा पीत बाहेर उभे होते, म्हणून पोलिसांनी त्यांना विचारायला ठाण्यात आणलं. दादांनी पाहिलं तेवढं सांगितलं. मग उठले, दारात वळले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, मी येतो. त्या भाषेत. शब्दाला शब्द ठेवून.

अधिकाऱ्यानं विचारलं होतं, "कधी?"

दादांना वाटलं, काय अगत्याचा माणूस आहे. ते म्हणाले, "लवकरच."

दोघांनी हात मिळवले होते.

तिथला कायदा असा होता. साक्षीदारानं पुन्हा येतो असं तोंडी कबूल केलं तर त्याला आलंच पाहिजे. आला नाही तर प्रकरण मिटेपर्यंत त्याला देश सोडता येत नाही.

"पण तुम्ही बोलावलं नाहीत," मी म्हणालो.

"जो स्वतःहून येतो म्हणतो त्याला कशाला बोलवायचं?"

दादा पुढं झुकले. "साहेब, आमच्यात निघताना तसं म्हणतात. त्याचा अर्थ येणार असा नसतो."

अधिकाऱ्यानं भुवया उंचावल्या. "म्हणजे यायचं नसताना येतो म्हणता? पोलिसांना?"

दादांचा चेहरा उतरला. कलमं त्यांना पाठ होती. पोलिसांपुढं खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा, मोठा. ते मागे सरकून बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं. मी यायला हवं होतं."

बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "ही येतो-जातोची गोष्ट कुणाला सांगायची नाही. कुणाला म्हणजे कुणाला. आता साहेबांच्या लेखी मी फक्त विसरलो आहे. ते पुन्हा निघालं तर खोटा ठरेन."

काचेच्या प्रकरणाची तारीख लागायची होती. ती लागली की पुढं ढकलली जायची. कधी एक दुकानदार आजारी, कधी दुसऱ्याचा वकील गावाला. इकडे दादांचा करार संपला होता, म्हणजे कामाचा परवाना संपला. काम केलं तर गुन्हा. करार संपल्यावर ठरलेल्या मुदतीत देश सोडला नाही तर तोही गुन्हा. आणि देश सोडता येत नव्हता.

"इकडे आड, तिकडे विहीर," ड्रायव्हर म्हणाला. "आणि दादा मधल्या मधे लिफ्टमध्ये."

दादा हसले नाहीत. त्यांचा आयुष्यभराचा विश्वास होता की कायदे सगळे पाळता येतात. आता त्यांना एक पाळायला दुसरा मोडावा लागत होता आणि मोडायची त्यांना सवय नव्हती.

ते खोलीतच राहू लागले. अंथरुणाच्या घड्या घालायचे. खिडकीतून हिरवा माणूस, लाल माणूस बघत बसायचे. एकदा जिन्यातला दिवा लुकलुकत होता, तो त्यांनी सवयीनं स्टुलावर चढून घट्ट बसवला. नेमकी वरून मालकीण आली. ती त्याच इमारतीत सगळ्यात वर राहायची. सत्तरीची, ताठ, एकटी.

"तुमचा परवाना संपलाय ना?" ती म्हणाली. "मग माझ्या इमारतीत एक स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही. तुम्हाला पकडतील आणि दंड मला होईल. आणि तुमची मुदत संपली की मला कळवावं लागेल. मलाही कायदा आहे."

"बरोबर आहे," दादा स्टुलावरून उतरत म्हणाले. मग न राहवून म्हणाले, "लिफ्ट तेवढी कंपनीला दाखवा. घसा खरवडतेय ती काही दिवस."

"तुम्ही हात लावू नका म्हणजे झालं."

त्या दिवसापासून दादांनी कशालाच हात लावला नाही. आमच्या कुकरचा दांडा सैल झाला होता. मी चाकूच्या टोकानं तो स्क्रू फिरवत होतो, टोक सारखं निसटत होतं. दादा बाजूला उभे होते. दोन्ही हात पाठीमागे, एका हातानं दुसरा घट्ट धरलेला.

"दादा, घरातला कुकर आहे हो," ड्रायव्हर ओरडला. "ह्याला कोण परवाना विचारतंय?"

"सवय लागते," दादा म्हणाले. "आज कुकर, उद्या लिफ्ट."

वहिनींना त्यांनी फक्त तारखेचं सांगितलं होतं, शब्दाचं नाही. आधी हॉल बदलला, मग दिवस बदलला. वहिनींच्या भावानं शेवटी सांगून टाकलं की सुट्टीनंतर बालवाडी उघडायच्या आत माणूस आला तर ठीक, नाहीतर आपल्या बघण्यात दुसरं स्थळ आहे. हे वहिनींनीच फोनवर सांगितलं. त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक होता, तरी खोलीत आला.

"मुलं विचारतात, काका कधी येणार. मी सांगते, येतो म्हणालेत. लोक हसतात मला. नुसतं येतो म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत हो."

 फोन ठेवताना दादा या वेळी येतो म्हणाले नाहीत.

दादांची मुदत संपायला आली होती. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी खालून पाव घेऊन लिफ्टमध्ये शिरलो. मागोमाग मालकीण आली, हातात भाजीची पिशवी. आमच्या मजल्याच्या जरा खाली लिफ्टनं घसा खरवडला आणि ती थांबली. दिवा मंद झाला. मालकिणीनं घंटा दाबली. कंपनीच्या माणसानं भोंग्यातून सांगितलं, येतोय, पण वेळ लागेल.

तेवढ्यात वरून मराठीत आवाज आला. "पंडित, आत तू आहेस काय रे?"

"हो. आणि मालकीण."

"घाबरू नका. लिफ्ट खाली पडत नसते. दाराला टेकू नका फक्त."

मालकिणीनं आवाज ओळखला. ती वर तोंड करून म्हणाली, "तुम्ही मिस्त्री आहात ना? उघडा."

"बाई, मला परवाना नाही."

"मी परवानगी देते!"

"तुम्ही घराच्या मालकीण. कायदा तुमचा नाही."

"अहो, किती वेळाचं काम आहे?"

वर दादांच्या चपला फरशीवर वाजल्या. मग म्हणाले, "वरच्या खोलीत जाऊन चाक हातानं फिरवायचं. लिफ्ट मजल्यावर येते. चहा उकळतो तेवढ्यात होतं."

"मग फिरवा!"

"तुम्हीच सांगितलं होतं, एक स्क्रूसुद्धा नाही."

मालकिणीनं पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, आता ही किंचाळेल. पण तिनं भिंतीला हात टेकला आणि माझ्याकडे पाहिलं. "हा माणूस वेडा आहे का?"

वर दादा दारापाशी जमिनीवर बसल्याचं ऐकू आलं. ते उठून गेले नाहीत. मधून मधून विचारत होते, हवा येतेय ना, बाईंना बसायला सांग. ते बाहेर होते आणि आम्ही आत, पण आवाजावरून उलटंच वाटत होतं.

मग मी सांगून टाकलं. दादांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगू नको म्हटलं होतं. ती मालकीण होती, तिला कळवायचा कायदा होता. तरी मी त्या पेटीत उभा राहून तिला सगळं सांगितलं. भांडण, ठाणं, दारात वळून म्हटलेलं ते वाक्य. दादांची आई आणि पाण्याचा घोट.

ती ऐकत होती. "म्हणजे तुमच्यात निघताना जातो म्हणतच नाहीत?"

"नाही."

"कुणीच?"

"जो मेला त्याला आम्ही गेला म्हणतो. म्हणून जिवंत माणूस तो शब्द टाळतो."

मालकिणीनं वाकून पिशवीतली भाजी सारखी केली. मग म्हणाली, "माझा मुलगा घर सोडताना जातो म्हणाला होता. शब्दाचा पक्का निघाला."

कंपनीची माणसं आली. त्यातला एक दादांच्या हाताखाली शिकलेला. दादा लिफ्टच्या दाराबाहेर मांडी घालून बसलेले पाहून त्याला हसू आलं. "तुम्ही इथं काय करताय?"

"काही नाही," दादा म्हणाले. "कायदा पाळतोय."

आम्ही बाहेर आलो. मालकीण दादांसमोर उभी राहिली. मी तिची माफी मागायची तयारी करत होतो. ती म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याबरोबर ठाण्यात चला."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"सांगितलंस?"

मी मान खाली घातली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. खोलीत गेले आणि बॅगेतले कपडे काढून पुन्हा नीट भरू लागले. वर स्वेटर ठेवला. "कोठडीत गार असतं म्हणतात," ते म्हणाले.

ठाण्यात मालकिणीनं खुर्ची ओढली आणि अधिकाऱ्याला शिक्षिकेसारखं सगळं समजावलं. तो ऐकत राहिला. त्याला पटल्यासारखं दिसेना.

"असं कुणीही म्हणेल, बाई. आमच्यात येतो म्हणजे जातो, आमच्यात हो म्हणजे नाही. मी कसं ओळखायचं?"

दादा मान खाली घालून बसले होते. अधिकारी त्यांच्याकडे बघत राहिला. मग कंटाळल्यासारखा हात हलवून म्हणाला, "बरं, असू द्या. तुमच्यावर खोटं बोलल्याचा आरोप नाही. खोलीवर जा तुम्ही, बंदीचं नंतर बघू."

दादांना आधी खरं वाटलं नाही. मग ते घाईनं उठले. बॅग उचलली, दोनदा नमस्कार केला, दारापर्यंत गेले. दाराच्या मुठीवर हात ठेवून वळले. चेहरा उजळला होता. आणि त्या भाषेत, शब्दाला शब्द ठेवून, ते म्हणाले, "येतो साहेब."

अधिकाऱ्यानं मान वर केली.

दादांनी स्वतःचे शब्द ऐकले. त्यांचा हात तोंडावर गेला. बॅग खाली पडली.

अधिकारी आधी खुर्चीत हलू लागला, मग मोठ्यानं हसला. हसता हसता त्यानं टेबलावर थाप मारली. "नका येऊ! पटलं मला, कृपा करून नका येऊ!"

मालकीणही हसत होती. मी हसलो. दादा नाही. ते दाराला पाठ लावून उभे होते. 

अधिकाऱ्यानं त्याच आठवड्यात दादांची साक्ष न्यायाधीशांसमोर वेगळी नोंदवून घेतली आणि त्यांच्यावरची बंदी उठली. तोवर देश सोडायची मुदत मात्र उलटून गेली होती. मुदत उलटलेल्या माणसाला त्या देशात पुन्हा पाऊल ठेवता येत नाही.

"त्याला माझा इलाज नाही," अधिकारी म्हणाला. "ते खातं वेगळं."

"चालेल," दादा म्हणाले. "कायदा आहे."

बालवाडी उघडायला थोडे दिवस उरले होते. वहिनींना फोन मी लावून दिला. दादांनी शब्दाची सगळी गोष्ट त्यांना पहिल्यांदाच सांगितली.  मग वहिनींचा तो मुलांना हाका मारणारा आवाज खोलीभर आला. "आता येतो म्हणायचं नाही. यायचं."

विमानतळावर आम्ही तिघं होतो, मी, ड्रायव्हर आणि दादा. मालकीण आली नव्हती, पण तिनं प्रवासासाठी सफरचंदं दिली होती. आत जायच्या दारापाशी वर्दीतला माणूस उभा होता. दादांनी त्याला कागद दाखवले. आत पाऊल टाकायच्या आधी ते आमच्याकडे वळले. ओठ हलले.

"ये..."

ते थांबले. वर्दीतल्या माणसाकडे पाहिलं. त्याला मराठी कळणं शक्य नव्हतं. पण दादांच्या लेखी ते वाक्य खोटं ठरलं असतं. त्यांना आता खरंच येता येणार नव्हतं.

"जातो," दादा म्हणाले.

दारात उभं राहून, धडधाकट माणसाच्या तोंडून, तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. येतो म्हटलं की या म्हणतात. जातो म्हटल्यावर काय म्हणायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. ड्रायव्हरकडेही त्या वेळी विनोद नव्हता. दादा आत गेले. त्यांची पाठ दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "या." वर्दीतल्या माणसानं माझ्याकडे पाहिलं.

लग्न झालं. बालवाडी उघडायच्या आदल्या दिवशी. फोटोत केस मोजण्याइतकेच आहेत.

काल वहिनींचा फोन आला होता. दादा बरे आहेत. गावातल्या एका दवाखान्याची लिफ्ट सांभाळतात. रस्त्यात कुणीही थांबत नसताना सिग्नलला थांबतात आणि मागच्यांच्या शिव्या खातात. वहिनी हसत हसत सांगत होत्या. मग आवाज बारीक झाला.

"एक विचारू का भावजी? हे घरातून निघताना काहीच बोलत नाहीत हो. चपला घालतात आणि दारात उभे राहतात. येतो नाही, काही नाही. नुसतं माझ्याकडे बघत राहतात. मी म्हणते, म्हणा की. तर मान हलवतात."

"मग?"

"मग मीच म्हणते, या. तेव्हा कुठं पायरी उतरतात."